या चुका टाळा: समुद्री कयाकिंगमधल्या किनाऱ्यावरच होणाऱ्या चुका

कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, लांबट नाव, लाटेने उलटते. पण त्या उलटण्याचे संकट होते ते बहुतेक वेळा निघण्यापूर्वी किनाऱ्यावर घेतलेल्या निर्णयांमुळे. उलटणे हा या खेळाचा भागच आहे. दोन-तीन मिनिटांत पुन्हा नावेत बसता आले, तर संध्याकाळपर्यंत त्याची आठवणही राहत नाही. म्हणून कपडे निवडताना, सामान भरताना, हवामान बघताना एक चित्र डोळ्यांसमोर ठेवावे: मी पाण्यात आहे, नाव पालथी पडली आहे आणि माझा एक हात तिला धरून ठेवण्यात गुंतला आहे. उरलेल्या हाताने मला काय काय करता येईल? पुढच्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

हवा बघून कपडे घालणे

ऊन छान पडले आहे, वल्हवताना घाम येणार, म्हणून टी-शर्ट आणि हाफ पँट. नवशिक्यांची ही सर्वांत मोठी चूक, आणि थंड प्रदेशात जीवघेणी. कपडे पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालायचे असतात, हवेच्या नव्हे. वसंतात हवा तापते, पण समुद्र मागे राहतो. पाणी तापायला कित्येक आठवडे जास्त लागतात. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेते.

लोकांना वाटते की थंड पाण्यात माणूस हळूहळू गारठून जातो. प्रत्यक्षात पहिला धोका पहिल्याच मिनिटात असतो. अंगाला थंडीचा धक्का बसतो, श्वास आपोआप आत ओढला जातो आणि मग तो आवरत नाही. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी यासाठी लक्षात ठेवायला सोपे सूत्र दिले आहे: १-१०-१. बर्फासारख्या थंड पाण्यात श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटे, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला सुमारे १ तास. यातली मधली १० मिनिटे फार महत्त्वाची. नावेवर परत चढणे, पंप चालवणे, रेडिओचे बटण दाबणे हे सगळे त्यातच उरकायचे असते. नंतर बोटे ऐकत नाहीत.

लाइफ जॅकेटचे कारणही हेच. श्वास अनावर झालेल्या माणसाला ते पहिले मिनिट पाण्यावर धरून ठेवते. ते नावेच्या मागे दोरीत अडकवून ठेवले, तर पाण्यात तरंगत अंगावर चढवणे जवळजवळ अशक्य असते. ते अंगात असावे, सर्व पट्टे आवळलेले असावेत आणि खांद्याला धरून वर ओढले तर हनुवटीपर्यंत सरकू नये.

पुन्हा नावेत चढण्याचा सराव शांत पाण्यातच करणे

तलावात पॅडल फ्लोट (वल्ह्याच्या टोकाला बसवायचा तरंगता फुगा) लावून नावेत चढता येते, म्हणजे समुद्रात येईलच असे नाही. नाव लाटांच्या प्रदेशात उलटते, म्हणून सराव थोड्या खवळलेल्या पाण्यात, किनाऱ्याजवळ आणि सोबत कोणी जाणकार असतानाच करावा. शिवाय मुक्कामाला निघण्यापूर्वी एकदा भरलेल्या नावेवर करावा. सामान नसलेल्या कयाकमधले पाणी पुढचे टोक उचलून सहज काढता येते. तंबू, पाणी, शिधा भरलेली उचलताना जोडीदाराची पाठ मोडते. तेव्हा नाव आधी सरळ करायची, माणूस वर घ्यायचा आणि पाणी नंतर पंपाने काढायचे, हा क्रम हातात बसलेला हवा.

दोन लहान गोष्टी. स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसून बैठकीचे तोंड झाकणाऱ्या आवरणाची) सुटण्यासाठी ओढायची कडी बाहेर आहे ना, हे प्रत्येक वेळी निघण्यापूर्वी हाताने चाचपून बघा. ती आत अडकली तर उलटल्यावर सापडत नाही. आणि पाण्यात पडल्यावर नाव सोडू नका. रिकामी कयाक वाऱ्यावर जितक्या वेगाने सरकते, तितक्या वेगाने लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाला पोहता येत नाही.

जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्यावर विश्वास ठेवणे

मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचे पाणी काचेसारखे सपाट दिसते. वाऱ्याला लाट उभी करायला लांबवर मोकळे पाणी लागते, आणि किनाऱ्याजवळ ते मिळालेलेच नसते. आपण पाठीवर वारा घेऊन मजेत बाहेर जातो, वेगही वाढल्यासारखा वाटतो. एक-दोन किलोमीटरवर लाटा उंचावू लागतात, आणि मागे वळले की तोच वारा तोंडावर येतो. भरलेली कयाक आरामात वल्हवली तर ताशी ५-६ किलोमीटर जाते; जोरदार वाऱ्यासमोर हा वेग निम्म्यावरही येऊ शकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो, हे विसरू नका. नवख्यांनी वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफर्ट मापनातील ३ च्या वर, म्हणजे १० नॉटपेक्षा (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) जास्त वारा असेल, तर उघड्या समुद्रात जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्यावर पांढरे तुरे सगळीकडे दिसू लागले की ती मर्यादा ओलांडली गेली असे समजावे. शक्य असेल तर जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघूनही लोक फसतात, कारण ते फक्त वेळा बघतात. सहा तासांच्या भरतीत पाणी एकसारखे वाढत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्शाइतके, दुसऱ्यात असे दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे अर्धे पाणी मधल्या दोन तासांत येते, आणि खाडीच्या मुखाशी किंवा दोन बेटांमधल्या चिंचोळ्या भागात ओढही तेव्हाच सर्वांत जास्त असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या उधाणात ती आणखी वाढते, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या सुमारास) कमी होते. ओढ एका दिशेला आणि वारा उलट दिशेला असेल, तर अशा जागी आखूड, उभ्या लाटा तयार होतात. पाण्याची दिशा बदलेपर्यंत किनाऱ्यावर तासभर थांबणे हा उत्तम उपाय.

सामान कसेही कोंबणे

जड वस्तू, म्हणजे पाणी, शिधा, स्टोव्हचे इंधन, तळाशी आणि बैठकीच्या जवळ. तंबू, झोपण्याची पिशवी असे हलके सामान दोन्ही टोकांना. डेकवर ढीग रचू नका. तो वारा धरतो आणि पाण्यातून वर चढताना नेमका छातीला आडवा येतो. हॅच (नावेतला सामानाचा झाकणबंद कप्पा) पूर्ण जलरोधक असते असे मानू नका. प्रत्येक वस्तू ड्राय बॅगमध्ये, आतली हवा दाबून काढलेली आणि तोंड निदान तीन वेळा घट्ट गुंडाळलेले. एका मोठ्या पिशवीपेक्षा अनेक लहान पिशव्या बऱ्या, त्या हॅचच्या तोंडातून सहज जातात. कोरड्या कपड्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा, कितीही मोह झाला तरी.

नाव सारखी वाऱ्याकडे तोंड करते आहे? आधी वजन बघा. पुढे जास्त भार असेल तर पुढचे टोक पाण्यात रुतते आणि मागचे वाऱ्यावर वाहत जाते. थोडे सामान मागे सरकवा, स्केग (नावेखाली मागच्या बाजूला उतरवता येणारे छोटे पाते) खाली सोडा. उलट नाव वाऱ्याबरोबर वळत असेल, तर स्केग थोडा वर घ्या किंवा भार पुढे आणा. स्केग उतरतच नसेल तर बहुधा त्याच्या खाचेत वाळू किंवा खडा अडकला आहे. जोर लावून ओढू नका, तार वाकते. जोडीदाराला नावेखाली हात घालून तो सोडवायला सांगा.

हॅचचे झाकण मुक्कामी उघडत नाही, ही तक्रारही नेहमीची. उन्हात तापलेली हवा थंड पाण्यावर आकसते आणि झाकण आत ओढले जाते. म्हणूनच अनेक नावांच्या बल्कहेडमध्ये (कप्पे वेगळे करणाऱ्या आतल्या आडव्या भिंतीत) बारीक छिद्र ठेवलेले असते. ते छिद्र गळतीचे समजून कोणीतरी चिकटपट्टीने बुजवलेले नाही ना, ते तपासा.

उतरताना आणि मुक्कामाला

लाटा फुटत असलेल्या किनाऱ्यावर उतरताना नाव आणि जमीन यांच्या मध्ये कधीही उभे राहू नका. पाण्याने भरलेली कयाक पुढच्या लाटेबरोबर पायांवर येते आणि गुडघा मोडू शकते. नेहमी समुद्राच्या बाजूला राहा. भरलेली नाव दोन्ही टोकांना धरून उचलू नये, पाठीला आणि नावेच्या सांगाड्याला दोघांनाही ते सोसत नाही. आधी सामान काढा.

तंबूची जागा ठरवताना वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची ओळ कुठे आहे ते बघतात, तेवढे पुरत नाही. रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असू शकते, आणि उधाण जवळ येत असेल तर उद्याची आजच्यापेक्षा वर चढेल. त्या ओळीच्या बरेच वर जा. नाव तंबूशेजारी उलटी करून झाडाला किंवा वाळूत पुरलेल्या पिशवीला बांधा. वाळूत साधे खुंटे टिकत नाहीत. वल्ही, स्प्रे स्कर्ट, लाइफ जॅकेट नावेखाली आत ठेवा. स्टोव्ह कधीही बंद तंबूत पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मदतीचे साधन हॅचमध्ये ठेवणे

व्हीएचएफ रेडिओ, ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन (उपग्रहांमार्फत संकटाचा इशारा पाठवणारे यंत्र), शिट्टी, टॉर्च हे सगळे लाइफ जॅकेटच्या खिशात, दोरीने बांधलेले असावे. रेडिओ चॅनल १६ वर (संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनलवर) लावून एका हाताने वापरून बघा, हातमोजे घालूनही. पाण्यालगत बसलेल्या माणसाला क्षितिज जेमतेम साडेतीन किलोमीटरवर दिसते, आणि रेडिओच्या लहरीही जवळपास सरळच जातात. त्यामुळे दुसऱ्या नावेतल्या मित्रापर्यंत आवाज फार लांब पोहोचत नाही. उंच मनोऱ्यावरच्या तटरक्षक केंद्रापर्यंत मात्र पोहोचू शकतो.

निघण्यापूर्वी जमिनीवरच्या एका माणसाकडे लेखी मार्ग द्या: किती नावा, कोणते रंग, कुठे मुक्काम, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा. वारा वाढला म्हणून अलीकडेच उतरलात तर तंबू लावण्याआधी त्या माणसाला कळवा. नाहीतर तुम्ही किनाऱ्यावर झोपलेले असताना शोधपथक अंधारात समुद्रात उतरेल.