अनाथाश्रमात जाताना चिकटपट्टी आणि एक पिशवी

परदेशातल्या अनाथाश्रमात विद्यार्थी स्वयंसेवक पोहोचले की पहिला अर्धा तास फुकट जातो. भाषा येत नाही, नावं कळत नाहीत, आणि निम्मे जण मोबाइल काढून उभे.

१. कागदी चिकटपट्टीवर प्रत्येकाचं नाव तिथल्या लिपीत ठळक मार्करने लिहून छातीवर लावा. अक्षरं तिथल्याच कुणाकडून आधी तपासून घ्या. उरलेली पट्टी आणि मार्कर मुलांच्या हाती द्या. ती आपापली नावं लिहितात, आपल्या छातीवरची नावं मोठ्याने वाचतात, खदाखदा हसतात. त्यांचं नाव आपल्याला उच्चारता आलं नाही तर आणखीच मजा.

२. फाटकाशीच सगळे मोबाइल एका पिशवीत. पिशवी शिक्षकांकडे. कुरकुर होते, पण दहाच मिनिटं.

३. खाऊ, वह्या मुलांना थेट वाटू नका. एकाला कमी पडलं की रडारड. सगळं तिथल्या कर्मचाऱ्यांकडे द्या.

“तुझे आईबाबा कुठे?” हा प्रश्न मात्र कुणी विचारायचा नाही. अशा संस्थांतल्या कित्येक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, पण जवळ नसतात.

आणि ओळखपत्र न पाहता कुणालाही आत सोडणारी जागा असेल, तर तिथे जाऊच नका. अनाथाश्रमांतल्या स्वयंसेवेतून, पर्यटनाच्या निमित्ताने होणाऱ्या सेवेतूनही, मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून पावलं उचला, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्येच सांगितलं आहे.