पायाच्या आकाराचा बूट कसा पारखावा

नवा बूट सुरुवातीला चावणारच आणि आठवडाभर घातला की सैल होईल, या समजुतीवर पुष्कळ जण पायाला न बसणारा बूट विकत घेतात. चामडे थोडेफार ताणले जाते हे खरे, पण बुटाच्या पुढच्या टोकाचा आकार आणि तळाची रुंदी वापराने बदलत नाही. बदलतो तो पाय. करंगळीवर कुरूप येते, नख मांसात रुतते आणि ज्यांच्या सांध्यांची मूळ ठेवण तशी असते त्यांचा अंगठा शेजारच्या बोटांवर अधिकाधिक कलत जातो. हे सारे विकत घेण्याआधीच टाळता येते. त्यासाठीच्या कसोट्या गेल्या अडीचशे वर्षांत शरीरशास्त्रज्ञांनी, लष्करी डॉक्टरांनी आणि कारागिरांनी शोधून ठेवल्या आहेत.

सर्वांत उपयोगी कसोटी कागद-पेन्सिलीची आहे. दिवसभराच्या वावराने पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहावे आणि पेन्सिल अगदी उभी धरून दुसऱ्या कोणाकडून पायांची बाह्यरेषा काढून घ्यावी. स्वतः वाकून काढल्यास भार सरकतो आणि आकृती चुकते. आता टाचेच्या मध्यबिंदूपासून अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याच्या मध्यातून जाणारी सरळ रेघ पुढे ओढावी. झुरिकचे शरीरशास्त्रज्ञ गेओर्ग हेर्मान फोन मायर यांनी 1858 मध्ये हीच रेघ बुटाच्या रचनेचा पाया म्हणून मांडली. ज्या पायाला बुटाने वाकवलेले नाही, त्याचा अंगठा या रेघेवरच असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. (हाडांच्या आतली जाळी भाराच्या दिशेने कशी रचलेली असते, याचा प्रसिद्ध अभ्यास करणारे मायर ते हेच.) बुटातला इनसोल, म्हणजे तळाचा आतला सुटा थर, बाहेर काढून त्यावर उभे राहावे आणि त्याच्यावर ही रेघ कुठून जाते ते पाहावे. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याच्या निम्म्या रुंदीइतकी जागा टोकापर्यंत मिळत असेल, तर बूट पायाच्या आकाराचा आहे. इनसोलची आतली कड सांध्यापासूनच बाहेरच्या बाजूला वळत असेल, तर तो बूट कितीही मऊ असला तरी अंगठा ढकलणारच.

इनसोल निघत नसेल, तर बुटांची जोडी शेजारी शेजारी चिकटवून ठेवावी आणि वरून पाहावी. चांगल्या जोडीच्या आतल्या कडा अंगठ्यापर्यंत जवळजवळ लागून राहतात. टोकदार जोडीत सांध्याच्या पुढे दोन बुटांमध्ये पाचरीसारखी फट उघडते.

ही तपासणी आज साधी वाटते, पण युरोपात सुमारे दोनशे वर्षे ती शक्यच नव्हती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस उंच टाचांचे बूट रूढ झाले, टाचेसह उजव्या-डाव्या पायाचे वेगळे फर्मे, म्हणजे ज्यांवर बूट शिवतात ते पायाच्या आकाराचे साचे, घडवणे खर्चाचे ठरले आणि दोन्ही पायांना एकाच आकाराचे सरळ बूट शिवले जाऊ लागले. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर यांनी 1781 मध्ये बुटाच्या योग्य आकारावर एक निबंध लिहिला. घोड्यांच्या आणि बैलांच्या खुरांची माणूस इतकी काळजी घेतो, पण स्वतःच्या पायांकडे मात्र दुर्लक्ष करतो, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती मला आजही रास्त वाटते. उजवा-डावा फरक एकोणिसाव्या शतकात हळूहळू परतला. वेडेवाकडे आकार जसेच्या तसे उतरवणारे लेथ यंत्र अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड यांनी बंदुकीच्या लाकडी दस्त्यांसाठी बनवले आणि 1819 मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे त्याच तत्त्वावर फर्मे कातले जाऊ लागले आणि वेगवेगळ्या मापांच्या उजव्या-डाव्या जोड्या स्वस्त झाल्या.

बसून घेतलेले माप फसवे असते, हा धडा सैन्याने शिकवला. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या मंडळाने सुमारे 2,000 सैनिकांच्या पायांचा अभ्यास करून रुंद पंजाचा आणि सरळ आतल्या कडेचा फर्मा ठरवला, तो 1912 मध्ये स्वीकारला गेला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची माप घेण्याची पद्धत. सैनिकाच्या पाठीवर 40 पौंडांचे, म्हणजे सुमारे 18 किलोचे ओझे देऊन, ज्या पायाचे माप घ्यायचे त्यावर सारा भार टाकायला लावत आणि मग माप घेत. भाराखाली पाय पसरतो, लांबतो. बूट त्या पायाला बसला पाहिजे. म्हणून बूट घालून उभे राहावे, शक्य असेल तर पाठीवर भरलेली पिशवी घ्यावी, आणि सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा उरते का ते पाहावे. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही. दोन पायांची लांबी वेगळी असेल, तर मोठ्या पायाला बसेल असाच बूट घ्यावा.

लांबी जमली तरी काम अर्धेच होते. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे बुटांच्या दुकानात वाढलेल्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी 1920 च्या दशकात मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातील धातूच्या पट्ट्या वापरून पाय मोजण्याचे साधन बनवले. टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंतच्या लांबीबरोबरच पायाची रुंदी आणि टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतर त्यावर मोजता येते. चवड्याचे हे माप फार थोडे लोक विचारात घेतात. एकाच लांबीच्या दोन पायांत एकाची बोटे लांब आणि दुसऱ्याची आखूड असू शकतात. बूट ज्या ठिकाणी वाकतो, ती जागा चवड्याखाली आली नाही, तर प्रत्येक पावलाला पाय आणि बूट वेगवेगळ्या ठिकाणी वाकतात, टाच घासते आणि चवड्यावर घट्टे पडतात. बूट हातात धरून टोक वर दाबावे. तो मधोमध, तळपायाच्या कमानीखाली दुमडला, तर बाजूला ठेवावा. बुटावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, फ्रेंच पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटर, आणि दोन्ही आकडे फर्म्याला लागू होतात, पायाला नव्हे. पायाची लांबी मिलिमीटरमध्ये टिपून ठेवणे हेच खात्रीचे.

विसाव्या शतकात बऱ्याच दुकानांत क्ष-किरण यंत्रात पाय घालून बुटाच्या आतली हाडे दाखवली जात. त्यातून किरणांचा धोका तेवढा वाढला. मांस, स्नायू आणि भार हाडांच्या चित्रात दिसत नसल्याने माप काही सुधारले नाही.

कमानीच्या आधाराबद्दल घाई करू नये. जर्मनीत कोनराड बिर्केनस्टॉक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तळपायाच्या वळणांचा फर्मा तयार केला. याच घराण्यातील कार्ल बिर्केनस्टॉक यांनी 1963 मध्ये त्या वळणाचा तळ उघड्या सँडलमध्ये आणला. टाचेसाठी खोल वाटी आणि बोटांना मोकळी जागा हे त्यातले गुण आजही शोधण्यासारखे आहेत. पण 1905 मध्ये अनवाणी चालणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या लोकांच्या पायांची तुलना करणारे अमेरिकी डॉक्टर फिलिप हॉफमन यांना कमानीची उंची आणि पायाची ताकद यांचा मेळ आढळला नाही. सपाट पाय दुखत नसेल, तर उंच कमानीचा इनसोल घालून तो दुखवण्याचे कारण नाही. टाचेच्या उंचीचेही तसेच. डेन्मार्कच्या आन्ने काल्सो यांचे टाच चवड्यापेक्षा खाली असणारे बूट 1970 मध्ये न्यूयॉर्कमध्ये आले आणि खूप गाजले. मात्र उंच टाचेची सवय असलेल्याने सपाट तळाकडे एकदम वळल्यास पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते. रोज थोडा थोडा वेळ घालून ही सवय लावावी.

हे सारे ज्याच्या पायाला संवेदना आहे त्याच्यासाठी. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय बधिर झाला असेल, तर ‘आरामदायक वाटतो’ ही कसोटीच निकामी होते, उलट घट्ट बूटच बरोबर बसल्यासारखा वाटतो. तमिळनाडूतील वेल्लोर येथे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अशा पायांवरच्या जखमा मांस आपोआप झडल्यामुळे नव्हे, तर एकाच जागी वारंवार येणाऱ्या, न जाणवणाऱ्या दाबाने होतात. म्हणून तिथे मऊ मायक्रोसेल्युलर (आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या) रबराच्या तळाची पादत्राणे तयार झाली. अशा व्यक्तीने बूट डॉक्टरांच्या सल्ल्यानेच निवडावा, घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून खडा, शिवण किंवा खिळ्याचे टोक नाही ना ते पाहावे, आणि नवा बूट पहिल्यांदा अर्धा तास घालून काढल्यावर पाय उजेडात तपासावा. कुठे लाली दिसली आणि ती पुढच्या अर्ध्या तासात ओसरली नाही, तर तो बूट पुन्हा घालू नये.