मुंबईच्या बाल्कनीसाठी ‘लास्ट फ्रॉस्ट डेट’ शोधताय? या चुका टाळा

परदेशी बियाण्याच्या पाकिटावर छापलेलं असतं, शेवटच्या फ्रॉस्टच्या, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीच्या, सहा आठवडे आधी घरात पेरा. मुंबईकर ती तारीख गूगलवर शोधतो, सापडत नाही, आणि अंदाजाने फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरून मोकळा होतो. सापडणार कशी? दव गोठल्याच्या बातम्या येतात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाहून, पारा घसरल्याच्या निफाडहून. सांताक्रूझचा नीचांक 7.4 अंशांचा, तोही 1962 च्या जानेवारीतला.

म्हणून पाकिटावरचा हिशेब सरळ सोडून द्या, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. मागे मोजत जायची पद्धत चांगलीच आहे, आपल्याला तारखा तेवढ्या बदलायच्या आहेत. तिकडे रोपं थंडीने मरतात. इकडे एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला रात्रीचा उकाडा. साधारण ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा आपला ‘थंडीच्या भाज्यांचा’ काळ धरा आणि फेब्रुवारीअखेरीपासून उलटं मोजा.

टोमॅटो फुलतो, पण फळ धरत नाही

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. झाड हिरवंगार, फुलांचे घोस, आणि दोन दिवसांनी देठापाशी पिवळं पडून फूल मातीत. लोक खत वाढवतात, त्याने पानं आणखी माजतात. खरं कारण रात्रीचं तापमान. रात्री पारा 22-24 अंशांच्या वर राहिला की टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत. मुंबईत जानेवारीच्या रात्री 17-18 अंशांच्या आसपास असतात, मे महिन्यात 27 च्या. मार्चमध्ये पेरलेलं झाड ऐन मेमध्ये फुलणार. त्याचा काही दोष नाही.

हिशेब असा. पाकिटावर फळ येईपर्यंतचे म्हणून लिहिलेले 70 दिवस टोमॅटोच्या बाबतीत बहुतेक वेळा रोप लावल्यापासूनचे असतात, पेरल्यापासूनचे नव्हे. ट्रेमधले 25-30 दिवस त्यात मिळवा, म्हणजे झाले शंभर. नंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत दोनेक महिने तोडणी व्हायला हवी. म्हणजे बी गणपतीच्या सुमाराला, सप्टेंबरात पेरायचं आणि रोपं दसऱ्याच्या आसपास मोठ्या कुंडीत हलवायची. मिरची आणि वांगं याहून सोशिक आहेत, त्यांना इतकं काटेकोर राहायची गरज नाही.

सप्टेंबरात पेरलं, रोपं आडवी झाली

दोन पानांवर आलेलं रोप मातीलगत बारीक होतं, पाणी सुटल्यासारखं दिसतं आणि लोळतं. ही रोपांची मर, बुरशीमुळे होते. पाऊस अजून चालू, हवा दमट, त्यात पाणी घालायची सवय सुटत नाही. ट्रे ग्रिलमध्ये ठेवू नका, आत खिडकीशी उजेडात ठेवा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबल्यावर पाणी गळत असेल तर त्या दिवशी पाणी नाही.

पाऊस गेला म्हणून लगेच उन्हात

मोसमी पाऊस मुंबईतून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो आणि लगोलग ऑक्टोबर हीट सुरू होते. आतून बाहेर आणलेली कोवळी पानं दुपारच्या उन्हात पांढरी पडतात. लावणी संध्याकाळी करा, आणि चार-पाच दिवस दुपारी वर जुनी सुती ओढणी टाका. शेडनेट विकत आणायचीच असं काही नाही.

कोथिंबिरीचंही तेच. ऑक्टोबरच्या उन्हात ती बोटभर वाढून लगेच तुऱ्याला येते. दिवाळीपर्यंत थांबा, मग जानेवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी मूठभर धने रगडून पेरत राहा. मेथीला एवढा धीर नसेल तर समुद्रमेथीचा रस्ता आहे: पसरट ट्रेमध्ये वाळू मिसळलेली माती, दाट पेरणी, दहा-बारा दिवसांत मुळासकट जुडी. भर पावसाळा सोडला तर वर्षभर जमते.

कांदा फक्त पात देतो

हा थंडीचा प्रश्नच नाही, दिवसाच्या लांबीचा आहे. उत्तर युरोप-अमेरिकेसाठीच्या बऱ्याच जातींना गड्डा धरायला 14 तासांहून मोठा दिवस लागतो. मुंबईचा जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. कितीही लवकर पेरा, पातच खायला मिळेल. रब्बीसाठीचं महाराष्ट्रातलंच बियाणं घ्या. ट्युलिप आणि नेहमीचं सफरचंद यांना मात्र खरंच थंडी लागते, त्यांच्यावर तर पैसेच घालवू नका.

हार्डिनेस झोनवर विसंबणं

परदेशी पाकिटांवरचा हा झोनचा आकडा हिवाळ्यात पारा किती खाली जातो तेवढंच सांगतो. जुलै महिन्यात सांताक्रूझला 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हे त्यात कुठे येणार? इथे आपलं नक्षत्रांचं कॅलेंडर जास्त कामाचं. मृगाच्या सुमाराला दोडका, पडवळ, कारलं, भेंडी. हस्ताचा पाऊस संपत आला की थंडीची रोपं.

बाल्कनीची दिशा विसरणं

मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. या दोन दिवसांच्या मधे दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, हिवाळ्यात तो बराच दक्षिणेला झुकतो. त्यामुळे दक्षिणेची बाल्कनी डिसेंबरात आतपर्यंत उन्हाने भरते आणि टोमॅटोला फार मानवते. उत्तरेच्या बाल्कनीत तेव्हा थेट ऊन येतच नाही. तिथे पालक, पुदिना, अळू यांवर समाधान मानावं.

राणीबागेतल्या फुलांच्या प्रदर्शनावरून फेब्रुवारीत पिटुनिया घेऊन येणाऱ्यांना एवढंच सांगेन: घ्या, पण महिनाभराची शोभा समजून घ्या. मार्चअखेर ती झाडं माना टाकतील. त्या कुंड्या रिकाम्या करून त्यात भेंडी, गवार किंवा चवळी टाका. त्यांना आपला उन्हाळा चालतो.