अंगणातली सुबाभूळ कशी काढावी

ऐरोली-नेरूळच्या रो-हाऊसमागे किंवा ठाण्यातल्या सोसायटीच्या कुंपणाला लागून दिसणारी सुबाभूळ बहुतेक वेळा कुणी लावलेली नसते, आपोआप उगवलेली असते. मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेची. झपाट्याने वाढते, म्हणून सावलीच्या आशेने लोक राहू देतात. दहा बाय पंधरा फुटांच्या बागेत मात्र ती मुळीच ठेवू नये.

खरी अडचण शेंगांची. झाडाला चपट्या शेंगांचे घोसच्या घोस लागतात आणि टणक सालीच्या बिया मातीत कित्येक वर्षं टिकतात. लादीच्या फटीत, चेंबरच्या कडेला, कुंडीत, जिथे चिमूटभर माती तिथे रोप.

रोप गुडघ्याएवढं असतानाच काढा. जून-जुलैत माती भिजली की बुंध्याशी धरून सरळ वर ओढा. खोड अंगठ्याएवढं झालं असेल तर आधी पहारीने वीतभर खोल माती मोकळी करा. नुसतं कोयत्याने छाटलं तर बुडख्यातून एकाच्या जागी चार फुटवे येतात, आणि दरवर्षी छाटणाऱ्यांकडे झाड उलट दाट होत जातं.

मोठं झाड परस्पर तोडू नका. १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड सोसायटीच्या जागेत असेल तर अर्ज सोसायटीनेच करावा. परवानगीने तोडल्यावर बुडखा मुळांसकट खणून काढा. ते जमत नसेल तर दर पंधरवड्याला कोवळे फुटवे मोडत राहा. मीठ किंवा ॲसिड ओतू नका, शेजारची झाडं मरतात.

झाड उभं आहे तोवर शेंगा हिरव्या असतानाच उतरवा. वाळलेल्या शेंगा कंपोस्टमध्ये नकोत. घरच्या ढिगाची उष्णता या बियांना पुरी पडत नाही. पाला मात्र खुशाल वापरा, त्यात नायट्रोजन भरपूर असतो.

सुबाभळीच्या जागी गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्षही नको. गुलमोहराची उथळ मुळं पेव्हर ब्लॉक उचलतात आणि पावसाळी वाऱ्यात फांद्या मोडतात. पर्जन्यवृक्षाचा घेर तर अख्ख्या रो-हाऊसवर पसरेल. पारिजातक किंवा कुडा लावा, भिंतीपासून निदान पाच-सहा फुटांवर. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, भरावातला राडारोडा वेचून टाका, दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत भरा. पुढची काही वर्षं पहिल्या पावसानंतर आठवड्यातून एकदा त्या जागेवर नजर टाका. जुन्या बिया तेव्हाच उगवतात.