लहान सिंगल इंजिन विमान पडतं कशामुळे, आणि ती वेळ येऊ नये म्हणून काय करायचं

नवीन शिकणाऱ्याच्या डोक्यात एकच भीती असते, इंजिन बंद पडलं तर? एकच तर इंजिन आहे. भीती खोटी नाही, पण अर्धीच आहे, कारण कितीतरी वेळा इंजिन धडधाकट असतं, त्याला पेट्रोलच पोचत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे इंजिन मस्त चालू असताना विमान पायलटच्या हातातून सुटतं. म्हणून सुरुवात टाकीपासून करा.

गेजवर विसंबायचं नाही. पंखावरचं झाकण उघडायचं, डिपस्टिक घालायची, स्वतः मोजायचं, कोणी कितीही सांगू दे की फुल केलंय म्हणून. मग प्रत्येक ड्रेनमधून (इंधन काढून बघायच्या खालच्या तोटीतून) पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढून उजेडात धरायचं. १००एलएल, म्हणजे लहान विमानांचं पेट्रोल, निळसर असतं, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि मधे रेष दिसते. पण इथे एक फसगत आहे, मलाही शिकताना कोणी दाखवेपर्यंत कळली नव्हती. अख्खा कपच पाण्याने भरला तर रेष दिसणार कुठून? सगळं कसं स्वच्छ दिसतं आणि आपण खूश. म्हणून आधी रंग बघा मग रेष. निळा रंग नाही आणि रॉकेलसारखा तेलकट वास येतोय तर चुकून जेटचं इंधन भरलं गेलं असणार, विमान जागचं हलवायचं नाही.

पेट्रोल आहे पण भलत्याच टाकीत आहे, हाही प्रकार होतो. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला लाँग-ईझी विमानात गेला, त्यात टाकी बदलायचा सिलेक्टर पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता, आणि तपासात निघालं की तो फिरवण्याच्या खटपटीत लक्ष उडवण्यावरून हटलं, नकळत उजवा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं, पायाने दाबायचं पॅडल) दाबला गेला आणि ताबा सुटला. तेव्हा अनोळखी विमानात बसलात की पट्टा बांधून, डोळे मिटून सिलेक्टरला हात पोचतो का ते जमिनीवरच बघा.

कार्ब्युरेटरवालं (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेलं) इंजिन असेल तर बर्फ. बाहेर २० डिग्री आहे, बर्फ कुठला, असं वाटतं, पण आत पेट्रोलची वाफ होताना तापमान एकदम उतरतं आणि दमट हवेत बर्फ धरतो. आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) हळूहळू उतरायला लागला की कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) पूर्ण ओढा. पहिले काही सेकंद आरपीएम अजून पडेल, बर्फ वितळून इंजिन खडखडेल, नेमकं तेव्हाच लोक घाबरून नॉब परत आत ढकलतात. ढकलू नका, थांबा, आरपीएम वर येतो.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर आधी नाक खाली करून स्पीड सांभाळायचा आणि साधारण समोरच जागा शोधून उतरायचं. मागे वळून रनवे गाठायचा मोह फार जबरदस्त असतो, आणि त्याच वळणात माणसं गेलीयत. किती उंचीच्या खाली वळायचंच नाही हे टेकऑफसाठी इंजिनचा जोर वाढवायच्या आधी मोठ्याने बोलून ठरवा.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते, बेसवरून (उतरण्याआधी रनवेला आडवं उडायचा टप्पा) फायनलचं (रनवेच्या रेषेत सरळ खाली यायचा टप्पा) वळण. वारा मागून ढकलतोय, रनवेच्या समोरची सरळ रेष ओलांडली, मग आपण बँक (वळताना विमानाचं एका बाजूला कलणं) वाढवतो, जमीन जवळ दिसते म्हणून अजून बँक करायला धजत नाही आणि पायाने रडर देऊन नाक फिरवायला बघतो, नाक खाली जातं म्हणून स्टिक ओढतो. स्टॉल (पंखांची उचल संपणं) आणि स्पिनची (गरगरत कोसळण्याची) सगळी तयारी झाली. उंची न सोडता वळताना ४५ डिग्री बँकला स्टॉल स्पीड साधारण १९ टक्के वाढतो, ६० ला ४१ टक्के, म्हणजे ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ७१ लाच होईल, आणि ५०० फुटांवर स्पिनमधून बाहेर यायला जागाच नसते. रेष ओलांडली तर ओलांडली, पंख सरळ करा, गो-अराउंड घ्या (न उतरता पुन्हा वर जा), परत या.

ढगांचंही तसंच. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंट ट्रेनिंग (फक्त उपकरणं बघून उडवायचं शिक्षण) नसलेल्या २० जणांना खऱ्या विमानात, ढगात असल्यासारखं बाहेरचं दिसू न देता उडवायला लावलं, एकालाही ताबा ठेवता आला नाही, सरासरी १७८ सेकंद टिकले. तीन मिनिटंसुद्धा नाही. शरीर सांगतं आपण सरळ चाललोय आणि विमान गोल फिरत खाली जात असतं. १९९९ मध्ये जॉन केनेडी ज्युनियरचं पायपर साराटोगा रात्री, धुरकट हवेत, समुद्रावर असंच गेलं, तिथे क्षितिजच दिसत नव्हतं. पुढचं धूसर व्हायला लागलं की अजून जमीन नीट दिसतेय तोवरच १८० डिग्री वळा, आत शिरल्यावर नाही.

लँडिंगचे अपघात संख्येने खूप, जीव तुलनेने कमी जातात. बहुतेकांत स्पीड जास्त असतो, नाहीतर क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) रडर लवकर सोडलेला असतो. चाकं टेकल्यावरही विमान टॅक्सीच्या स्पीडला येईपर्यंत पाय रडरवरून काढायचे नाहीत.