नवजात कक्षात रुजू होताना: श्वासोपचाराच्या साधनांविषयी

सांगली जिल्ह्यातील एका नवजात शिशू काळजी कक्षात मी अधिपरिचारिका म्हणून काम करते. दरवर्षी तिथे रुजू होणाऱ्या नव्या परिचारिकांना आणि श्वसनोपचार तंत्रज्ञांना साधने हाताळायला शिकवण्याचे काम ओघाने माझ्याकडे येते. जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग किंवा श्वसनोपचाराची पदवी घेऊन आलेल्या बहुतेकांना व्हेंटिलेटरचे फार आकर्षण असते. त्याचे मोड आणि पडद्यावरचे आलेख त्यांनी पाठ केलेले असतात. मी मात्र आधी एवढेच सांगते की, लहान बाळाच्या श्वासोपचारातील बहुसंख्य अडचणी यंत्राच्या आत सापडत नाहीत. त्या बाळ आणि यंत्र जिथे जोडले जातात तिथे, म्हणजे मास्कच्या कडेला, नाकातल्या प्रॉंग्जपाशी (नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या नळ्यांपाशी) किंवा पाणी साचलेल्या नळीत सापडतात.

हे समजण्यासाठी बाळाच्या शरीराची ठेवण डोळ्यांसमोर असावी लागते. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. त्याच्या डोक्याचा मागचा भाग मोठा असल्यामुळे सपाट झोपवले की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासमार्ग दुमडतो. म्हणून खांद्याखाली कापडाची पातळ घडी ठेवून मान किंचित मागे घ्यावी लागते, फार मागे नेली तरी मार्ग पुन्हा अरुंद होतोच. चार मिलिमीटर व्यासाच्या श्वासनलिकेला आतून सगळीकडे एक मिलिमीटर सूज आली की व्यास निम्मा होतो आणि शांत श्वसनातसुद्धा हवेला होणारा अडथळा सोळा पट वाढतो. मोठ्या माणसाला नुसती खाकरावी लागेल एवढीशी सूज बाळाला दमवून टाकते. शिवाय बाळाच्या फासळ्या मऊ आणि आडव्या असल्याने श्वासाचा सगळा भार पोट आणि छाती यांमधल्या पडद्यावर येतो, आणि पोट हवेने फुगले की तो पडदा हलायला जागाच उरत नाही.

त्यामुळे मॉनिटरकडे पाहण्याआधी बाळाचे कपडे बाजूला करून छाती पाहावी. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे उपयोगाची नाही, पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन समजावे. मुदतपूर्व बाळासाठी सिल्व्हरमन-अँडरसन गुणांकन शिकून घ्यावे. त्यात छातीच्या वरच्या व खालच्या भागाची हालचाल, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) टोकाखाली पडणारा खळगा, नाकपुड्या फुलणे आणि कण्हणे या पाच खुणा असतात. यांपैकी कण्हण्याकडे नवीन माणसाचे दुर्लक्ष होते, कारण बाळ कुरकुरते आहे असेच वाटते. प्रत्यक्षात ते श्वास सोडताना कंठ अर्धवट मिटून फुप्फुसात थोडा दाब टिकवून धरत असते. ऊसतोडीच्या हंगामात तळावरून बाळ घेऊन येणारी आजी 'पोट उडतंय' एवढेच सांगते, पण माझ्या मते हे निरीक्षण कित्येक संदर्भपत्रांपेक्षा नेमके असते. आजींचे बोलणे तोडू नये.

पहिले साधन म्हणजे अंबू बॅग, हाताने दाबून मास्कमधून श्वास देण्याची पिशवी. तिच्यावर हात बसल्याशिवाय पुढचे काही शिकायला घेऊ नये. नवजात बाळाची बॅग साधारण २४० मिलिलिटरची असते आणि मास्कने हनुवटीचे टोक, तोंड व नाक झाकले पाहिजे, डोळे नव्हे. अंगठा आणि तर्जनी यांनी मास्कवर वर्तुळ करून उरलेल्या बोटांनी जबड्याचे हाड वर उचलावे. मास्क चेहऱ्यावर दाबायचा नसून चेहरा मास्ककडे आणायचा असतो. गती मिनिटाला ४० ते ६० ठेवावी, आणि त्यासाठी 'दाब, दोन, तीन' असे मोठ्याने म्हणत राहावे, म्हणजे घाईत बॅग वेगाने दाबली जात नाही. जन्मानंतर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटातच हे वायुवीजन सुरू व्हायला हवे. छाती जेमतेम उचलली जात असेल तेवढाच दाब पुरे. ती उचललीच जात नसेल, तर मास्क पुन्हा बसवणे, मानेची स्थिती सुधारणे, तोंड व नाक साफ करणे, तोंड किंचित उघडणे, मग दाब वाढवणे आणि शेवटी श्वासनलिकेत नळी घालण्याची तयारी हा क्रम सोडू नये. सक्शन करताना, म्हणजे स्राव ओढून काढताना, आधी तोंड आणि मग नाक, कारण नाकाला स्पर्श झाला की बाळ दचकून श्वास घेते आणि तोंडातला स्राव आत ओढला जातो. जन्मजात डायफ्रॅमॅटिक हर्निया (पोट आणि छाती यांमधल्या पडद्याला जन्मतः असलेले छिद्र) माहीत असेल किंवा त्याची शंका असेल, तर मात्र मास्कने हवा देऊ नये. ती पोटात आणि आतड्यात भरते आणि छातीत सरकलेली आतडी फुगून फुप्फुस आणखी दाबतात. अशा बाळाला थेट नळीच लागते. कामाची पाळी सुरू होताना मास्कवर तळहात घट्ट धरून बॅग दाबून पाहावी. हाताला दाब जाणवला आणि दाबनियंत्रक झडप उघडली तर बॅग ठीक आहे.

आमच्या कक्षात सर्वाधिक वेळ ज्याच्याजवळ उभे राहावे लागते ते म्हणजे बबल सीपॅप, नाकावाटे फुप्फुसांना सतत सौम्य दाब देणारे साधन. मुदतपूर्व बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट (वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या, उघडे ठेवणारा पदार्थ) अपुरे असल्यामुळे प्रत्येक श्वास सोडताना वायुकोश मिटतात आणि ते पुन्हा उघडण्यात बाळाची शक्ती संपते. सतत सौम्य दाब देऊन ते उघडे ठेवण्याची पद्धत ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडली. बबल सीपॅपमध्ये हा दाब ठरतो तो श्वास बाहेर नेणाऱ्या नळीच्या पाण्यातील खोलीवरून, म्हणजे नळी पाच सेंटिमीटर बुडालेली असेल तर दाबही पाण्याच्या पाच सेंटिमीटरइतका. सुरुवात बहुधा पाच-सहाने होते. रचना इतकी सोपी असल्यामुळेच ती कुठे बिघडते हे लक्षात येत नाही. बुडबुडे थांबले याचा अर्थ बहुधा कुठेतरी हवा गळते आहे. प्रॉंग्ज लहान आकाराच्या आहेत, बाळाचे तोंड उघडे आहे किंवा एखादा जोड सैल आहे. उलट बाजूने, ह्युमिडिफायरमधून (हवा गरम व दमट करणाऱ्या उपकरणातून) आलेली वाफ नळीत थंड होऊन तिचे पाणी बाटलीत उतरते, पातळी वाढते आणि कुणी काहीही न फिरवता दाब वाढलेला असतो. हवा साधारण ३७ अंशांना, पूर्ण दमट होऊन बाळापर्यंत पोचली पाहिजे. पाणी संपलेल्या ह्युमिडिफायरवर चाललेले सीपॅप नाक आतून सोलवटून काढते. प्रॉंग्ज आणि नाकाचा मधला पडदा यांत दोनेक मिलिमीटर अंतर दिसले पाहिजे. त्या पडद्यावर आलेली लाली दर दोन-तीन तासांनी टॉर्चने पाहून नोंदवावी, कारण एकदा तिथे जखम झाली की सीपॅपच सोडावे लागण्याची वेळ येते आणि बाळ विनाकारण व्हेंटिलेटरकडे जाते. तोंडातून पोटात घातलेली नळी दोन फीडच्या मधल्या वेळात उघडी ठेवायला विसरू नये. हे सगळे काम कंटाळवाणे आहे. पण व्हेंटिलेटर टाळला जातो तो याच कामामुळे.

ऑक्सिजन हे औषध आहे, त्याची मात्रा असते. मुदतपूर्व बाळ ऑक्सिजनवर असताना सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण) ९० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. पडद्यावर १०० पाहून नातेवाइकांना बरे वाटते, कधी नव्या सिस्टरलाही वाटते, पण जादा ऑक्सिजनने दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ बिघडून अंधत्वापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून अलार्मची वरची मर्यादा बंद करून ठेवू नये आणि शक्य तिथे ब्लेंडर (हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारे उपकरण) वापरावा. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची डोळ्यांची तपासणी साधारण चौथ्या आठवड्यात व्हावी लागते. फारच लहान बाळाची त्याहून लवकर. बाळ तोवर घरी गेलेले असते. तपासणीची तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ती बाळाच्या आईकडून वाचून घ्यावी.

मोठ्या मुलांच्या वॉर्डात काम पडले, तर तिथला अर्धा दिवस 'बाळदम्या'च्या मुलांना वाफ देण्यात जातो. पंपाची सवय लागते, ही समजूत घराघरांत आहे. स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी) लावलेला पंप योग्य तऱ्हेने दिला तर बहुतेक मुलांत तो वाफ देणाऱ्या नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो. पंप हलवावा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवावा, एक पफ द्यावा आणि मुलाला पाच ते दहा साधे श्वास घेऊ द्यावेत, मग दुसरा. इथेही प्रश्न मास्कच्या कडेचाच असतो. रडणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर लांबून धरलेली वाफ भिंतीलाच मिळते. स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसू नये, स्थिर विद्युतभारामुळे औषध आतल्या बाजूला चिकटते. तो निथळत ठेवून वाळवावा.

नोकरीच्या दृष्टीने हा भाग सोयीचा आहे. मिरजेत डॉ. वॉनलेस यांच्या इस्पितळाची परंपरा १८९४ पासूनची आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, आणि खासगी बालरुग्णालयेही पुष्कळ आहेत. नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचे प्रशिक्षण आधी घेतलेले आहे का, हे मुलाखतीत विचारले जातेच.

शेवटी प्रवासाविषयी, कारण जत-आटपाडीकडून येणाऱ्या बाळांचे बरेच नुकसान रस्त्यात होते. लहान, म्हणजे बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला पाच लिटर लावला तर तो पाच तास पुरतो, दहा लिटर लावला तर अडीच तास. वाटेत टायर बसेल हे धरून लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट साठा घ्यावा. सीपॅपवरचे बाळ असले तरी अंबू बॅग आणि योग्य आकाराचा मास्क बाळाच्या उशाशीच ठेवावा, सामानाच्या पिशवीत खाली नव्हे. बाळ गरम ठेवावे, थंड पडलेल्या बाळाला ऑक्सिजन जास्त लागतो. आणि सिलिंडरची चावी सिलिंडरलाच दोरीने बांधलेली आहे ना, हे गाडी हलण्याआधी स्वतः पाहावे.