बाण कधी इकडे, कधी तिकडे : लाकडी धनुष्यावर सराव करताना या चुका टाळा

शनिवारी सहातले पाच बाण येलोत, म्हणजे लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळात. रविवारी तेच धनुष्य, तेच मैदान, तेच २० मीटर, आणि सहा बाण सहा दिशांना. एक तर लक्ष्याचा कागद लावतो त्या गोणपाटाच्या वरून थेट मागच्या बाभळीत. नेम धरायची साइट नाही, ओढ पूर्ण झाली की टक् वाजणारा क्लिकर नाही, धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नाही, असं साधं लाकडाचं किंवा बांबूचं धनुष्य ज्यांनी हातात घेतलंय त्यांना यात नवल वाटणार नाही. अशा वेळी मैदानावरचा प्रत्येक जण एकच सल्ला देतो, "नीट नेम धर." पाठोपाठ पोपटाच्या डोळ्याची गोष्ट येतेच.

मी मात्र नेम सगळ्यात शेवटी तपासतो. २० मीटरवर माणसाचा डोळा फूटभर चुकत नाही. चुकतात ती दोरी, बाणाची काडी, मूठ आणि जबडा. हे सगळं तपासून झालं आणि तरीही बाण भरकटत असेल, तर मग डोळ्याकडे वळावं.

प्रत्येक बाणाला उत्तर देऊ नका

पहिला बाण डावीकडे गेला म्हणून दुसरा जरा उजवीकडे धरला, तो खाली गेला म्हणून तिसरा वर उचलला. असं अर्धा तास केलं की नेमकं काय चुकतंय हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी दोन वर्षं हेच करत होतो.

त्याऐवजी एकच जागा धरून निदान २४ बाण मारा. कुठेही लागो, नेम हलवायचा नाही. दर फेरीनंतर कागदावरच्या भोकांभोवती पेनाने गोल करा. शेवटी दूर उभं राहून बघा. सगळी भोकं एका बाजूला पण जवळजवळ असतील तर खुश व्हा, तुमची चूक दर वेळी एकसारखी आहे आणि ती दुरुस्त करणं सोपं असतं. भोकं उभ्या पट्ट्यात पसरली असतील तर बहुतेक वेळा ओढ कमीजास्त होते आहे, बाण दोरीवर एकाच जागी बसत नाही किंवा बाण सुटायच्या आत धनुष्याचा हात खाली येतो आहे. आडवी पसरली असतील तर काडीचा ताठपणा, मुठीचा पीळ किंवा सुटणाऱ्या बोटांकडे संशय जाऊ द्या. चौफेर विखुरली असतील तर त्या दिवशी घरी गेलेलं बरं.

यासाठी एक वही ठेवा. तारीख, हवा, अंतर आणि त्या दिवशी कुठली एक गोष्ट बदलली ते लिहा. एकाच दिवशी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत.

दोष बाणाचा, शिव्या स्वतःला

लाकडी आणि बांबूच्या बाणांत हे फारच होतं. आधी प्रत्येक बाणावर नंबर टाका. माझ्या संचातला ४ नंबर दर फेरीत उजवीकडे जायचा. पाच वेळा झालं, दहा वेळा झालं, तेव्हा कुठे मी तो डोळ्यासमोर धरून फिरवून पाहिला. काडी सरळ होती, पिसंही ठीक होती. मग काय?

काडी इतरांपेक्षा मऊ होती. बाण धनुष्याच्या एका अंगाला टेकलेला असतो आणि दोरी मधोमध येऊ पाहते, त्यामुळे सुटताना बाण मासोळीसारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. काडी किती वाकते यावर तो वळसा ठरतो. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचा, धनुष्याच्या डाव्या अंगाला टेकवलेला बाण फार ताठ असेल तर डावीकडे जातो, फार मऊ असेल तर उजवीकडे. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.

हे घरी मोजता येतं. भिंतीवर २६ इंचांच्या अंतरावर दोन खिळे ठोका, त्यावर काडी आडवी ठेवा आणि मधोमध साधारण ९०० ग्रॅम वजन टांगा. मी पाण्याची बाटली वजनकाट्यावर भरून घेतो. काडी किती मिलिमीटर खाली झुकली ते पट्टीने मोजा. ६६० ला त्या आकड्याने भागलं की लाकडी बाणांच्या जुन्या पद्धतीचा पाउंडातला ताठपणा मिळतो. १२ मिलिमीटर झुकली तर ५५, १७ झुकली तर ३९ च्या आसपास. माझ्या एकाच संचात हे दोन्ही टोकांचे बाण निघाले! संचातले बाण एकमेकांपासून पाचेक पाउंडांच्या आत असले म्हणजे झालं. बाणांचं वजनही स्वयंपाकघरातल्या काट्यावर नको, सोनाराकडे असतो तसल्या बारीक काट्यावर करा.

हे करताना प्रत्येक काडी हलकेच वाकवून कानाजवळ धरा. करकर आवाज आला किंवा चीर दिसली की तो बाण चुलीत. तडा गेलेली काडी सुटताना मोडली तर धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकते. इथे काटकसर करू नका.

दोरीची उंची रोज बदलते, आपण बघत नाही

दोरी चढवल्यावर मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंत जे अंतर असतं त्याला मैदानावर सगळे ब्रेस हाइट म्हणतात. लाकडी लाँगबोसाठी, म्हणजे लांब साध्या धनुष्यासाठी, जुना ठोकताळा असा की मूठ धनुष्यावर ठेवून अंगठा ताठ केला की त्याचं टोक दोरीला लागावं. पण ठोकताळा निव्वळ सुरुवातीपुरता. तुमच्या धनुष्याला मानवणारी उंची एकदा सापडली की ती पट्टीने मोजून वहीत लिहा आणि रोज बाण लावण्याआधी तपासा. नवी दोरी पहिले काही दिवस ताणली जाते, उंची कमी होते, दोरी मनगटावर चाटायला लागते आणि आपण म्हणतो आज फॉर्म नाही. दोरी उतरवून तिला चार-सहा पीळ दिले की उंची वर येते. जुन्या लाकडी धनुष्याला मात्र अजिबात न ताणणारी आधुनिक दोरी लावू नका, टोकं फुटतात.

बाणाची खाच दोरीवर जिथे बसते ती जागाही दोऱ्याने गुंडाळून पक्की करा. अंदाजाने बाण लावणारे खूप पाहिलेत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक २० मीटरवर चांगलाच दिसतो.

सराव संपला की दोरी उतरवा. चढवून ठेवलेलं बांबूचं धनुष्य दिवसभरात दमतं. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही, गंमत म्हणूनही नाही.

हात तोंडाशी नेमका जातो ना?

पोपटाच्या डोळ्यापेक्षा मला महाभारतातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते. अर्जुन रात्री जेवत असताना वाऱ्याने दिवा विझला, तरी त्याचा हात घास घेऊन बरोबर तोंडाशीच जात राहिला. हे लक्षात आल्यावर तो रात्री अंधारात धनुर्विद्येचा सराव करू लागला. साइट नसलेल्या तिरंदाजीचं मर्म यात आलं. आपल्याला साइट नाही, म्हणजे आपला जबडाच मागची साइट. दोरी ओढलेला हात रोज, दर बाणाला, चेहऱ्यावर त्याच जागी टेकला पाहिजे. यालाच अँकर म्हणतात. नुसतं बोट ओठाच्या कोपऱ्याला लावणं पुरत नाही, कारण ओठ हलतो, हसतो, सुजतो. दुसरी खूण हाडाची हवी, म्हणजे अंगठ्याचं पेर जबड्याच्या हाडामागे किंवा तर्जनी गालाच्या हाडाखाली. एक मऊ खूण, एक कडक खूण.

अँकर बरोबर असूनही ओढ कमी होऊ शकते, कारण नेम धरता धरता पाठ सैल पडते आणि हात पुढे सरकतो. स्वतःला हे कळतच नाही. बाणाच्या टोकाकडून दर अर्ध्या सेंटीमीटरवर पेनाने बारीक रेघा काढा आणि बाजूला, बाणाच्या मागे राहून, मित्राला उभं करा. बाण सुटतो त्या क्षणी कोणती रेघ मुठीशी होती ते त्याने सांगायचं. पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा मी ठामपणे म्हणालो होतो की माझी ओढ पक्की आहे. मित्राने वाचून दाखवलं, "तीन, तीन, पाच, दोन, सहा, तीन." म्हणजे दोन सेंटीमीटरचा फेर. ४० पाउंडांच्या, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या, धनुष्याला इंचामागे दोन-तीन पाउंड कमीजास्त होतात, त्यामुळे प्रत्येक बाण जणू वेगळ्या धनुष्यातून सुटत होता. उभी पट्टी कुठून आली ते त्या दिवशी समजलं.

जड धनुष्याचा सोस

याबद्दल थोडक्यात, कारण ऐकणारे कमी. पूर्ण ओढून, अँकरवर हात टेकवून दहा सेकंद न थरथरता धरता येत नसेल तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे. २५ पाउंडांवर सहा महिने काढलेला मुलगा ४५ पाउंड घेऊन आलेल्याला नेहमी मागे टाकतो. मैदानावर हे दर उन्हाळी शिबिरात दिसतं.

मूठ आवळणं आणि बोटं उघडणं

धनुष्य पडेल या भीतीने लोक ते लाठीसारखं धरतात. त्यामुळे बाण सुटताना धनुष्य मनगटाबरोबर वळतं. भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गादीवर घ्या, बोटं सैल. भीती जात नसेल तर बुटाची नाडी अंगठा आणि तर्जनीत अडकवून घ्या, धनुष्य पडणार नाही. ज्या धनुष्याला बाण टेकवायला कट्टा नसतो, जसं आपलं बांबूचं, तिथे मूठ एक बोट वर-खाली झाली की बाणही वर-खाली. मुठीच्या वरच्या कडेला रंगीत दोरा गुंडाळा आणि हात नेहमी तिथेच भिडवा.

दुसऱ्या हाताची चूक म्हणजे बोटं 'उघडणं'. दोरी सोडायची नसते, पाठीने ओढत राहायचं आणि बोटं सैल होऊ द्यायची. बाण सुटल्यावर हात जबड्याला घासत मागे कानाखाली गेला तर ठीक. चेहऱ्यापासून बाहेर उडाला तर दोरीही बाजूला खेचली गेली, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण बहुधा डावीकडे गेला समजा.

अंगठ्याचा गोंधळही इथलाच. तीन बोटांच्या ओढीत अंगठ्याला काही काम नसतं. भिल्ल तिरंदाज एकलव्याची आठवण ठेवून दोरीला अंगठा लावत नाहीत असं सांगतात. तुर्की, मोगल पद्धतीत उलट अंगठ्यानेच, त्यात अंगठी घालून ओढतात आणि उजव्या हाताचा तिरंदाज बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला ठेवतो. व्हिडिओ बघून अंगठ्याची ओढ उचलायची आणि बाण मात्र डावीकडेच ठेवायचा, अशी खिचडी करू नका. एक काहीतरी धरा.

आता डोळा

दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून दूरची एखादी वस्तू बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू जागेवर दिसते तो तुमचा प्रबळ डोळा. उजव्या हाताने ओढता आणि प्रबळ डोळा डावा, तर बाण डावीकडे जाणारच. डावा डोळा अर्धवट मिटा किंवा, वय लहान असेल तर, हात बदला.

अंतर बदलत राहणं हीही डोळ्याचीच फसवणूक. इंडियन राउंड या आपल्याकडच्या साध्या धनुष्याच्या स्पर्धाप्रकाराची ३० आणि ५० मीटरची अंतरं पुढे येतीलच. आधी एका अंतरावर बाणाचं टोक लक्ष्याच्या किती खाली दिसतं हे पक्कं होऊ द्या. माझं २० मीटरवर गोणपाटाच्या पायाशी दिसतं. ते पक्कं झाल्यावरच पाच मीटर मागे सरकलो.

आणि टोक येलोवर येताच बोटं आपोआप सुटायला लागली, अँकरपर्यंत हातच पोचेना, तर लक्ष्य काढून टाका. तीन-चार मीटरवर नुसतं गोणपाट, मागे-पुढे कुणी नाही याची खात्री, अँकरवर आल्यावर डोळे मिटून रोज ३० बाण. मध्येच पूर्ण ओढून न सोडता हळूच परत यायचं. मला यातून बाहेर पडायला अडीच महिने लागले. कागद लावायचा मोह रोज व्हायचा.

वहीतलं शेवटचं पान : पावसाळी हवा, २० मीटर. दोरी सैल, पाच पीळ दिले, वर मेण. पिसं ओली होऊन बसली, बाण शेपटी हलवत गेले. ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, वीतभर, डावीकडे खाली. ४ नंबर काढून टाकला, आता ९ नंबर उजवीकडे जातो.